सेंट्रल सिनेमातले सत्तावन्न आठवडे

१२ डिसेंबर १९३६. मुंबईच्या गिरगावातील सेंट्रल सिनेमात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा एक नवा बोलपट लागला. त्यात रूपगर्विता नायिका नव्हती, प्रेमकथा नव्हती, तलवारबाजीही जेमतेम होती. नायक होता देहूचा एक कर्जबाजारी वाणी, आणि त्याच्या तोंडी होते भजन. हा चित्रपट त्या एकाच चित्रगृहात सत्तावन्न आठवडे चालला. हिंदुस्थानात एका चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ टिकलेला हा पहिला चित्रपट मानला जातो. त्याचे नाव ‘संत तुकाराम’.

मराठी माणूस भाविक, म्हणून चित्रपट चालला, असे उत्तर सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. भाविकता १९३६ च्या आधीही होती आणि तिच्यावर विसंबून काढलेले चित्रपटही होते. तुकारामांच्या चरित्रावर मूकपटाच्या काळातच चित्रपट निघाले होते, त्यांत दादासाहेब फाळके यांचे नावही येते. मग हाच का? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

प्रथम त्या काळातील बाजाराची कल्पना हवी. ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला तो १४ मार्च १९३१ रोजी. पुढच्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला. त्याच १९३२ मध्ये दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनचा ‘श्यामसुंदर’ मुंबईच्या वेस्ट एंड सिनेमात पंचवीस आठवडे चालला आणि रौप्यमहोत्सव हा शब्द चित्रपटसृष्टीत रुजला. चार वर्षांपूर्वी पंचवीस आठवडे हाच चमत्कार होता, तेथे सत्तावन्न आठवड्यांचा आकडा कसा वाटला असेल याची कल्पना करावी.

आज एखादा चित्रपट एकाच दिवशी हजारो पडद्यांवर झळकतो आणि पहिल्या आठवड्यातच त्याचा निकाल लागतो. त्या काळी प्रती मोजक्या असत. चित्रपट एका चित्रगृहात ठाण मांडून बसे आणि माणसे त्याच्याकडे जात. त्यामुळे आठवड्यांचा आकडा हाच यशाचा खरा मापदंड होता. एका शहरातल्या एकाच पडद्यावर सत्तावन्न आठवडे याचा अर्थ असा की एकदा येऊन गेलेली माणसे पुन्हा आली आणि येताना सोबत आणखी कोणाला घेऊन आली. केवळ नव्या प्रेक्षकांच्या बळावर इतका काळ निघत नाही.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर हे चौघे बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कलावंत, आणि पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. जेथे तिचा स्टुडिओ उभा राहिला तेथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कंपनीचा चेहरा म्हणजे शांताराम. ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’ या चित्रपटांनी त्यांचे नाव गाजत होते. दामले आणि फत्तेलाल हे मागे राहून काम करणारे. दामल्यांकडे ध्वनिमुद्रणाची बाजू, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शनाची. फत्तेलालांना सारे ‘साहेबमामा’ म्हणत. या दोन अबोल माणसांनी जोडीने दिग्दर्शित केलेला चित्रपट म्हणजे ‘संत तुकाराम’. शांतारामांच्या चित्रपटांतील भव्य नेपथ्य, छायाप्रकाशाचे नाट्य, कॅमेऱ्याच्या चमत्कृती यांतले येथे फारसे काही नाही. कॅमेरा बहुधा समोर स्थिर उभा राहतो आणि माणसांकडे पाहतो. देहूचे घर, ओसरी, चूल, गोठा, नदीचा काठ हे सारे ओळखीचे वाटते. दोन चित्रकारांनी केलेला हा चित्रपट स्वतःच्या चित्रकलेचा कोठेही गाजावाजा करीत नाही, हे विशेष.

यशाचे एक कारण याच साधेपणात आहे. पण खरे मर्म संगीतात आहे आणि त्यासाठी त्याआधीचे वर्ष पाहावे लागते.

१९३५ मध्ये प्रभातने संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. (चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सरकारी परीक्षण मंडळाला त्यात गांधीजींचा वास आला आणि नाव बदलावे लागले.) मराठी संगीत रंगभूमीचा सम्राट, एका थोर संताची भूमिका, सर्वांत नामांकित दिग्दर्शक, यशाचे सारे घटक हाताशी होते. तरीही बालगंधर्व आणि प्रभात यांचे सहकार्य एका चित्रपटापुरतेच टिकले. बालगंधर्वांचे गाणे रंगमंचावर फुलणारे होते. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ म्हणावे, त्यांनी तेच पद नव्या अंगाने पुन्हा मांडावे, रात्र उलटत जावी, असा तो प्रकार. चित्रपटात समोर प्रेक्षक नसतो, यंत्र असते, आणि यंत्र दाद देत नाही.

पुढच्याच वर्षी प्रभातने दुसरा संत निवडला आणि योगायोग असा की त्या भूमिकेसाठीही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाराच एक गायक नट आला. विष्णुपंत पागनीस. त्यांची कीर्ती बालगंधर्वांच्या जवळपासही नव्हती. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाच्या हालचालींत आणि बोलण्यात बायकी लकब राहील म्हणून शांतारामांचा या निवडीला विरोध होता, असे सांगितले जाते. दामले-फत्तेलाल आपल्या निवडीवर ठाम राहिले. पडद्यावर जे दिसते त्यावरून हा निर्णय किती अचूक होता ते कळते. ज्या मार्दवाची भीती वाटत होती तेच तुकारामांच्या कामी आले. पागनीसांचा तुकाराम कोणावर आवाज चढवत नाही, अपमान झाला तरी त्याच्या चेहऱ्यावर राग उमटत नाही, केवळ थोडे नवल उमटते. हा माणूस इतके का ओरडतो आहे, असे त्याला खरोखरच कळत नसावे.

आणि तो गातो कसा? पागनीसांचा आवाज मोठा किंवा चमकदार नव्हता. भजनाला बसलेला माणूस जसा स्वतःशी गातो तसे ते गातात. ताना नाहीत, मुरक्यांची आतषबाजी नाही, शब्द स्पष्ट. संगीतकार केशवराव भोळे यांचा यातला वाटा मोठा आहे. भोळे हे संगीताचे जाणकार समीक्षकही होते. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी त्यांनी गायकांवर लिहिले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे संगीत त्यांचेच, आणि नाट्यसंगीताने शब्दाला गिळू नये हा विचार त्यांनी तेव्हापासून लावून धरला होता. ‘संत तुकाराम’मध्ये हा विचार पूर्णत्वास गेला.

एवढेच नव्हे, तर चित्रपटाने हा संगीतविचार कथेतच गुंफला. सुरुवातीलाच तुकाराम तल्लीन होऊन अभंग गाताना दिसतो. लगेच दृश्य बदलते, आणि तोच अभंग देवळात सालोमालो गात असतो, आपली स्वतःची रचना म्हणून, रंगभूमीच्या थाटात, ठसक्यात, श्रोत्यांकडे दाद मागत. शब्द तेच, पण गाणे निराळे. कोण खरा आणि कोण चोर, हे सांगायला संवादाची गरजच उरत नाही. कान सांगतो. श्री. भागवत यांचा सालोमालो हास्यास्पद आहे आणि धोकादायकही. १९३६ च्या प्रेक्षकाने उभे आयुष्य नाट्यसंगीत ऐकलेले होते. त्याला या विनोदातली धार नेमकी कळत असणार. मावळत्या संगीत नाटकाला बोलपटाने इतक्या हळूच काढलेला चिमटा दुसरा नसेल.

वारकरी परंपरेत अभंग म्हणण्यासाठी गळा तयार असावा लागत नाही. टाळ, मृदंग, वीणा आणि शेजारच्याचा आवाज पुरतो. चित्रपटातली गाणी अशी होती की चित्रगृहातून बाहेर पडणारा कोणीही ती म्हणू शकेल. मुंबईच्या परळ-लालबागच्या गिरण्यांत घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार चाळीचाळींतून भजनी मंडळे चालवीत. गिरगाव तेथून फार दूर नाही. या माणसांना सेंट्रल सिनेमात जे ऐकू आले ते त्यांचेच गाणे होते, थोडे अधिक सुरेल केलेले. संगीतपटाचे यश बहुधा गाणे किती अवघड आहे यावर ठरत नाही, ते घरी नेता येते की नाही यावर ठरते.

एक अभंग मात्र तुकारामांचा नव्हता. कवी शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी एक रचना केली, बीज आणि वृक्ष यांच्या रूपकातून ईश्वराचे एकत्व सांगणारी. ती तुकारामांच्या शैलीत इतकी मुरलेली होती की जाणकारही फसले. गाथेत नसलेला हा अभंग प्रभातवाल्यांना कोठे सापडला, असा त्यांचा समज झाला. ही गोष्ट गमतीची खरी, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे क्षणभर थबकावे. मुंबई सरकारच्या साहाय्याने शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत छापली गेली. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि त्यांतले तुकारामांचे अस्सल किती हा वाद तेव्हापासून चालू आहे. विसाव्या शतकात, छापील गाथा घरोघरी असताना, एका कवीची रचना संताच्या नावावर सहज खपू शकते. तर सतराव्या-अठराव्या शतकात, अभंग तोंडातोंडी फिरत असताना, काय काय झाले असेल?

आता त्या पात्राकडे यायला हवे, ज्याच्याशिवाय हा चित्रपट सत्तावन्न आठवडे तर सोडाच, सात आठवडेही तरला असता का याची शंका वाटते. जिजाई.

तुकारामांची ही दुसरी पत्नी. पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या, परंपरेत ‘आवली’ या नावानेही ओळखली जाणारी. संतचरित्रांत ती तोंडाळ, कजाग, संताच्या साधनेत विघ्न आणणारी बायको म्हणून येते. सॉक्रेटिसाच्या झांटिपीसारखी तिचीही गोष्ट पुरुषांनीच लिहिली. चित्रपटाने हीच जिजाई घेतली, तिचा तोंडाळपणा तसाच ठेवला, आणि तिची बाजू खरी करून दाखवली. घरात दाणा नाही, मुले भुकेली, नवरा मिळालेले वाटून मोकळा होतो. मग तिने ओरडू नये तर काय करावे? मूल आजारी पडते तेव्हा ती देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन विठ्ठलालाच जाब विचारते. नवऱ्याचे वाटोळे ज्याने केले तो हाच, अशी तिची खात्री असते.

हे दृश्य आजही पाहणाऱ्याला हलवते. त्यात देवाची निंदा आहे आणि तरीही ते विलक्षण भक्तीचे आहे, कारण जिजाई दगडाशी भांडत नाही, घरातल्या माणसाशी भांडते आहे. विठ्ठलाशी भांडण्याची परंपरा वारकरी संतांचीच आहे. जनाबाई त्याला शिव्या देते, नामदेव रुसतात. चित्रपटाने हा संतांचा अधिकार एका गांजलेल्या गृहिणीच्या हाती दिला. चित्रगृहात बसलेल्या बायकांना यात काय दिसले असेल ते सांगायला नको.

जिजाईची भूमिका केली गौरी या नटीने. ती रंगभूमीवरून आलेली नव्हती. प्रभात स्टुडिओत किरकोळ कामे, गर्दीतल्या भूमिका करता करता ती पुढे आली. तिच्या बोलण्यात पाठांतराचा वास नाही. ती म्हशीशी बोलते, मुलांवर खेकसते, नवऱ्याला बोल लावते आणि त्याच दमात त्याच्यासाठी भाकरी बांधून डोंगरावर निघते. डोंगरावरचे ते भाकरीचे दृश्य चित्रपटाचा आत्मा मानावे. देवाचा ध्यास घेतलेला नवरा आणि नवऱ्याचा ध्यास घेतलेली बायको समोरासमोर बसतात. दोघांचेही बरोबर आहे. चित्रपट तेथे निवाडा करीत नाही.

शिवराम वाशीकर यांच्या पटकथेची ताकद अशी की प्रत्येक चमत्काराच्या शेजारी एक घरगुती प्रसंग उभा केला आहे. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा तुकारामाचा निरिच्छपणा दिसतो, पण त्याआधी दागदागिने पाहून हरखलेले घरही दिसते. तो नजराणा परत जातो तेव्हा प्रेक्षकाला संताचा अभिमान वाटतो आणि जिजाईचे वाईटही वाटते. या दोन भावना एकाच वेळी जाग्या ठेवणे सोपे नाही. अश्रू येतात ते या पेचातून.

तरीही चमत्कारांना कमी लेखता येणार नाही. बुडवलेली गाथा इंद्रायणीतून वर येते, महाराजांचा शोध घेणाऱ्या शत्रूला जिकडे तिकडे शिवाजीच दिसू लागतो, आणि अखेरीस तुकाराम गरुडाच्या वाहनात बसून वैकुंठाला जातो. १९३६ मध्ये ही दृश्ये पाहणे हा एक अनुभवच होता. फाळक्यांपासून हिंदी चित्रपटाने ट्रिक-फोटोग्राफी देवादिकांसाठी राखून ठेवलेली होती आणि प्रभातचे तंत्रज्ञ त्यात वाकबगार होते. परंतु पौराणिक चित्रपटांतले चमत्कार देवलोकात घडतात, येथले ओसरीवर घडतात. आधी चूल, शेण, दळण खरे वाटले, म्हणून नंतर गरुडही खरा वाटला.

येथे इतिहासाच्या अंगाने काही हिशेब मांडणे आवश्यक आहे. कारण या चित्रपटाच्या यशाची एक किंमत आहे आणि ती तुकारामांनी मोजली.

चित्रपटाचा मुख्य आधार महिपतीची संतचरित्रे. ताहराबादच्या महिपतीने ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केले, म्हणजे तुकारामांनंतर शतकाहून अधिक काळाने. तुकारामांना प्रत्यक्ष छळणारा म्हणून परंपरेत देहूच्या मंबाजी गोसाव्याचे नाव येते. काटेरी फांदीने त्यांना मारहाण केल्याची कथा त्याचीच. सालोमालो हा दुसऱ्यांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. चित्रपटाने मत्सर, छळ आणि वाङ्मयचौर्य हे सारे एकट्या सालोमालोच्या पदरात घातले. कथेच्या दृष्टीने हे सोयीचे झाले. पण त्यामुळे एक प्रश्न मवाळ झाला. शूद्र मानल्या गेलेल्या कुणब्याने वेदार्थ सांगणारे काव्य करावे का, हा मूळ वाद होता. गाथा बुडवण्याचा निर्णय देणाऱ्या रामेश्वरभटाच्या प्रसंगात तो वाद येतो, नाही असे नाही. मात्र प्रेक्षक घरी जाताना जो राग नेतो तो एका लबाड माणसाचा राग असतो, व्यवस्थेचा नसतो.

दुसरे म्हणजे दुष्काळ. १६३० च्या सुमारास दख्खनेत पडलेला भीषण दुष्काळ अनेक समकालीन साधनांत नोंदलेला आहे. त्यात तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, धंदा बसला, दिवाळे निघाले. वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. म्हणजे नदीत आधी सावकारी बुडाली, गाथा नंतर. तुकारामांच्या वाणीतला जो कडवटपणा आणि जी रोखठोक धार आहे तिची मुळे या अनुभवात आहेत. प्रभातचा चित्रपट जिजाईच्या संसारापासून सुरू होतो, आणि पागनीसांचा शांत, हसरा तुकाराम त्या काळातून गेलेला वाटत नाही. ढोंगी गुरूंवर, पोटभरू कीर्तनकारांवर कोरडे ओढणारा तुकाराम गाथेत आहे, पडद्यावर तो फार थोडा आहे.

शिवाजी महाराजांच्या भेटीचा प्रश्न आणखी नाजूक. तुकारामांचे निर्वाण १६४९-५० च्या फाल्गुनात मानले जाते. त्या वेळी महाराज जेमतेम विशीत होते. भेट अशक्य नाही, पण तिचे तपशील उत्तरकालीन चरित्रकारांकडून येतात आणि इतिहासकारांत त्याविषयी एकमत नाही. चित्रपटात मात्र ती भेट पूर्ण वाढलेल्या, प्रतापी छत्रपतींची वाटते. १९३६ च्या महाराष्ट्राला आपले दोन मानबिंदू एका चौकटीत हवे होते आणि ते मिळाले.

आणि अखेरचा प्रसंग. तुकाराम सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज साजरी होते. विसाव्या शतकात अनेक विवेकवादी लेखकांनी या कथेमागे घातपात असावा असा संशय मांडला. या वादात पुरावा दोन्हीकडे तोकडा आहे. चित्रपटाने वाद सोडवला नाही, त्याला एक दृश्य दिले. एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट युक्तिवादाने पुसणे फार कठीण. पुढच्या पिढ्यांनी गरुडवाहनाची कल्पना केली ती बव्हंशी प्रभातच्या पडद्यावरून, तसा तुकारामांचा चेहराही. घरोघरच्या तसबिरींत आणि कॅलेंडरांत जो तुकाराम दिसू लागला त्याच्यात पागनीसांची छाया असल्याचे अनेकांनी म्हटले आहे. तुकारामांचे समकालीन चित्र उपलब्ध नसताना ती जागा एका नटाने भरली.

१९३७ मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला विशेष उल्लेखाचा मान मिळाला. मराठीत ही गोष्ट ‘जगातील तीन सर्वोत्तम चित्रपटांत निवड’ अशी सांगण्याची रीत आहे. तिच्यात अभिमान अधिक आहे आणि तपशील कमी. मुसोलिनीच्या काळातला तो महोत्सव, विदेशी चित्रपटाचा मुख्य चषकही त्याच्याच नावाचा, आणि त्या वर्षी तो ज्युलिअँ द्युव्हिव्हिए या फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटाला मिळाला. तरीही मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या परीक्षकांना देहूच्या वाण्याची गोष्ट भिडली, हे खरेच. आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय चित्रपटाचा गौरव होण्याची ही अगदी आरंभीची वेळ. पुढे गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी या चित्रपटावर सविस्तर लिहिले आणि पागनीसांच्या त्या निर्व्याज, समोर रोखलेल्या दृष्टीचा वेध घेतला. भाविकांचा म्हणून बाजूला ठेवलेला चित्रपट अभ्यासकांना परत आणावा लागला.

यशाचा परिणाम प्रभातवर झालाच. दामले-फत्तेलाल यांच्याकडून ‘गोपाळकृष्ण’ १९३८ मध्ये आणि ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० मध्ये आला, पुढच्या वर्षी ‘संत सखू’. ‘ज्ञानेश्वर’ गाजला, त्यातले तंत्र अधिक सफाईदार होते. पण ज्ञानेश्वरांच्या घरात जिजाई नव्हती. दैवी बालकाविषयी आदर वाटतो, डोळेही पाणावतात, मात्र त्या मुलाला कोणी भाकरीवरून बोल लावत नाही. १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले गेले, आणि पुढच्या दशकाच्या आरंभी कंपनीचा कारभार आटोपला.

भक्तिपटाच्या यशाचे दुसरे मोठे उदाहरण बरेच नंतरचे, १९७५ चा ‘जय संतोषी माँ’. त्या वेळी लोक चपला काढून चित्रगृहात जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत, आरत्या करीत. दोन्हींची तुलना नेहमी होते, पण ती फार ताणू नये. ‘संतोषी माँ’ने एका अल्पपरिचित देवीचे व्रत घरोघर पोहोचवले, ‘तुकारामा’ला काही पोहोचवायचे नव्हते. प्रेक्षकाला अभंग आधीच पाठ होते, शेवट माहीत होता, सालोमालोची फजिती होणार हेही ठाऊक होते. कीर्तनाला जाणारा माणूस कथा कळावी म्हणून जात नाही. बुवा आज ती कशी सांगतात हे पाहायला जातो, आणि ठरलेल्या जागी त्याचे डोळे भरून येतात. सेंट्रल सिनेमातली माणसे पुन्हा पुन्हा आली ती या सवयीने.

२०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला, जितेंद्र जोशी मुख्य भूमिकेत. त्यात बालपण आले, दुष्काळ आला, सावकारीचे कागद आले; म्हणजे प्रभातने गाळलेले बरेच काही परत आणले गेले. इतिहासाच्या निकषांवर तो चित्रपट अधिक जबाबदार आहे. तरी वारीच्या दिवसांत आजही आठवणी निघतात त्या पागनीसांच्या आणि गौरीच्या.

पागनीसांना त्यानंतर दुसऱ्या तऱ्हेची भूमिका जवळजवळ मिळालीच नाही. मुंबईच्या निर्मात्यांनी त्यांना ‘संत तुलसीदास’ केले, ‘नरसी भगत’ केले, ‘महात्मा विदुर’ केले. १९४३ मध्ये ते वारले. कधीकाळी लुगडे नेसून रंगमंचावर पदे म्हणणाऱ्या त्या नटाला अखेरची सात वर्षे लोक तुकाराम म्हणूनच ओळखत होते.